अठरा वॉट

दुसऱ्याचे हित आपल्याला त्याच्यापेक्षा अधिक कळते असे एकदा मनाने घेतले, की त्याला काही विचारण्याची गरज उरत नाही. आणि जिथे विचारणे संपते, तिथे असत्य अत्यंत सभ्य वेषात प्रवेश करते. ज्ञानी माणसाच्या दारी हा प्रवेश अधिकच सुलभ असतो, कारण त्याचे म्हणणे बहुधा खरे असते. सिरिल बूथरॉइडचेही म्हणणे खरेच होते.

“शंभर,” लेन हर्स्ट म्हणाला. “त्याच्या खाली एक वॉटही नको.”

तो सिरिलच्या शेडच्या दारात उभा होता. आत पाऊल टाकले नव्हते. सिरिलने हातातली डाख देण्याची, सोल्डरिंगची कांडी खाली ठेवली नाही, की वर पाहिले नाही. लेन हा त्याच्या धाकट्या बहिणीचा, मेव्हिसचा, नवरा, आणि क्लबातल्या वाद्यवृंदाचा गिटारवादक. तीस वर्षांपूर्वी भरल्या क्लबात लेनने हसत हसत जाहीर केले होते, की आमच्या सिरिलला कान आहेत, बोटं नाहीत. त्या दिवसापासून सिरिलने गिटार हाती धरली नाही. तो दूरचित्रवाणी संच दुरुस्त करीत राहिला, आणि दुकान बंद झाल्यावर या शेडमध्ये बसून जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या वाल्वचे अॅम्प्लिफायर हाताने बांधू लागला. दोघांचे बोलणे नाताळच्या जेवणापुरते उरले होते. आजही लेन आला तो मेव्हिसने पाठविले म्हणून, आणि त्याचा जुना अॅम्प्लिफायर जळाल्यावर त्या खोऱ्यात दुसरा बांधणारा नव्हता म्हणून.

सिरिलने क्लबाविषयी विचारले. सभागृह किती लांब, छत किती उंच, रविवारी दुपारी माणसे किती, हे त्याला ठाऊकच होते. तरी त्याने विचारले, कारण कारागिराने विचारावे असा शिरस्ता होता. मंचावरच्या भिंतीतले तीन दिवेही त्याला ठाऊक होते. शेजाऱ्यांच्या तक्रारींनंतर ते बसविलेले. एरवी हिरवा, आवाज वाढला की पिवळा, आणखी वाढला की तांबडा. तांबडा काही क्षण टिकला की मंचाची वीज आपोआप तुटे आणि वादक खुंट्याला बांधलेल्या गुरासारखे उभे राहत. लेनच्या वाद्यवृंदावर हा प्रसंग दोनदा आला होता. कार्यक्रमांची चिटणीस हिल्डा डायसन हिने बजावले होते, की तिसऱ्यांदा अंधार झाला तर रविवार दुसऱ्या कुणाला देईन.

“त्या खोलीत शंभराचा म्हणजे कपाटात घोडा बांधण्यासारखं आहे,” सिरिल म्हणाला. “बटण एकाच्या पुढे नेता येणार नाही तुला. तेवढ्यात तो जागाही होत नाही. पाणचट चहासारखा आवाज येईल. अठरा वॉटचा घे. पूर्ण उघड, भरून गाईल, आणि दिवा तांबडा होणार नाही.”

“अठरा पोरांना दे. मला शिकवू नकोस.”

शंभर हे अठराच्या पाचपटीहून अधिक असले, तरी कानाला ते दुपटीएवढेही भासत नाही, हे सिरिलने एकदा समजावले. लेन दाराच्या चौकटीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “बांधतोस की नाही, एवढंच सांग. का बोटं नाहीत तेवढीही?”

सिरिलने बांधला.

अॅम्प्लिफायरची पेटी मोठी केली, शंभराच्या पेटीएवढी. लेनने चाळीस वर्षे असली पेटी क्लबांच्या जिन्यांवरून वाहिली होती आणि वजन त्याचा खांदा ओळखणार, म्हणून आत एक जळका, निकामी ट्रान्सफॉर्मर बोल्टांनी आवळून टाकला. शंभराला मोठे वाल्व चार लागतात हे प्रत्येक वादक जाणतो. त्याने चार बसविले. त्यांपैकी दोहोंच्या पोटातली तार तेवढी तापत असे. ते सुंदर तांबूस उजळत आणि काहीच करीत नसत. काम करणारे दोनच, आणि त्यांच्यातून निघत अठरा वॉट. समोर पितळेची पाटी लावली, तिच्यावर शंभराचा आकडा कोरला. इतके सुबक काम आपल्या हातून कधी झाले नव्हते, असे त्याला वाटले. आपण मेहुण्याचे रक्षण करीत आहोत असेही वाटले. त्या दोन भावनांखाली तिसरी एक होती, ती गोड होती, आणि तिचे नाव त्याने स्वतःलाही सांगितले नाही.

पहिल्या रविवारी तो क्लबाच्या मागच्या भिंतीशी जाऊन उभा राहिला. हातातली बिअर तशीच राहिली. दिवा हिरवा होता, क्वचित पिवळा. लेनचा स्वर मधाप्रमाणे जाड आणि स्वच्छ येत होता. बुजुर्ग माणसे वाटाण्याच्या लगद्याचे चमचे थांबवून ऐकत होती. हिल्डा डायसन म्हणाली, की इतक्या वर्षांत लेन असा वाजला नव्हता. सिरिल कोणाशी न बोलता घरी आला.

असे चार रविवार गेले. चौथ्यानंतर मेव्हिसने दूरध्वनीवर कोरड्या आवाजात कळविले, की लेनने वाद्यवृंद सोडला. सिरिल “बरं” म्हणाला. शेवटी उतरला एकदाचा तोरा, एवढाच विचार त्याच्या मनात आला.

पुढच्या गुरुवारी सकाळी लेनने ती पेटी शेडच्या मधोमध आणून आदळली. मोटारीत मेव्हिस बसून होती. तिने काच खाली केली नाही.

“मागची फळी काढ,” लेन म्हणाला.

सिरिलने काढली. एक वाल्व फुटलेला होता, खोबणीत काचेचे दात उरलेले. शेजारची खोबण मोकळी होती.

लेनने जे सांगितले ते थोडक्यात असे. मंगळवारी पेटी विकायला काढली, ती मोटारीतून उतरवताना मागे दिव्याचा गोळा फुटावा तसा आवाज झाला. तरी एकदा लावून पाहिली. चारांतला एक गेला म्हणजे गुरगुर व्हायला हवी, दम जायला हवा. काहीच झाले नाही. मग त्याने फडक्यात धरून शेजारचा उपटला. तरीही काहीच नाही.

“मला वाटलं, माझ्या कानांना फरक कळत नाही,” लेन म्हणाला. “मेव्हिसला हाक मारली. तीही म्हणाली, सारखंच आहे.”

सिरिल खोबणीतले काचेचे दात चिमट्याने उपसू लागला.

“किती आहे हा?”

“अठरा.”

लेनने मान हलविली. ओरडेल असे सिरिलला वाटले होते. त्यासाठी तो मनाने सज्जही होता. उत्तरे तयार होती. दिवा तांबडा झाला नाही. रविवार वाचला. लोकांनी वाहवा केली. ती त्याने एकामागून एक मांडली, आणि शेवटी म्हणाला, “तुझ्या भल्यासाठीच केलं. खोलीत मी स्वतः ऐकलंय.”

“तू ऐकलंस,” लेन म्हणाला. “मी नाही. दोन वर्षं झाली, वरच्या तारा मला ऐकू येत नाहीत धड. ढोल वाजला की मी नुसता बोटांकडे बघून वाजवतो. म्हणून शंभर मागितले होते. मग ती पेटी आली. शंभराची. आणि तरीही मला माझं काही ऐकू येईना. चार रविवार, सिरिल. लोक पाठ थोपटायचे, आणि मला वाटायचं, म्हाताऱ्याची कीव करतायत. शंभर वॉट पायाशी घेऊन ज्याला स्वतःचं ऐकू येत नाही, तो संपला, असं मी धरलं. बिछान्यात मेव्हिसला सांगितलं, माझे कान गेले. ती रडली. आणि मी जागा सोडली.”

 हिल्डाला जाऊन विचार, असे सिरिल पुटपुटला. लेन म्हणाला, की एल्लंड गावचा कुणी वादक येत्या रविवारपासून माझ्या जागी बसणार आहे. हिल्डाने त्याला शब्द दिलाय, आणि दिलेला शब्द मोडायला लावणारा मी काय तुझ्यासारखा आहे?

मग त्याने विचारले, “खरं सांग. किती लागले असते मला?”

सिरिलने उत्तर देण्यापूर्वी प्रथमच त्याच्या तोंडाकडे नीट पाहिले.

“अठराच. पण पायाशी नाही. खुर्चीवर ठेवून, मागे कलवून, कानाच्या रोखाने.” तो थांबला. “सगळी खोली मोजली मी. तू कुठे उभा राहतोस, ते विचारलं नाही.”

“नाहीच विचारलंस.”

सिरिलने जळका ट्रान्सफॉर्मर सोडवून बाहेर काढला. हलकी झालेली पेटी उंच स्टुलावर ठेवली, खाली लाकडाचा ठोकळा सारून मागे कलविली, आणि भिंतीवर तीस वर्षे टांगलेली स्वतःची गिटार उतरवून बाकावर ठेवली. हातात दिली नाही. लेनने ती घेतली. बऱ्याच वेळाने घेतली. एक स्वर वाजविला, मग त्याच्या वरचा, मग सर्वांत वरच्या तारेवरचा, आणि तो विरेपर्यंत हालला नाही. त्याने सिरिलकडे पाठ केली.  मोटारीची काच खाली आल्याचा आवाज बाहेरून आला.

लेनने पूर्ण एक गत वाजविली. क्षमेचा शब्द कोणी मागितला नाही, कोणी दिला नाही. नंतर त्याने पेटी उचलली, सिरिल दुसरे टोक धरायला पुढे झाला तेव्हा म्हणाला, “हात लावू नकोस.” आणि एकटाच ती छातीशी धरून, पावले मोजीत, ओल्या फरशीवरून चालत गेला. मेव्हिसने मोटारीचे दार आतून उघडले.

ज्याची जागा गेली त्याला त्याचा स्वर कानाशी सापडत राहो. जी त्याच्यासाठी रडली तिच्या घरी तो वाजो. आणि दारात उभ्या असलेल्या त्या जाणत्या माणसाला, यापुढे कोणाचे काही बांधण्याआधी, एक साधा प्रश्न विचारण्याची सुबुद्धी लाभो.