एक्केचाळिसावा

सत्काराच्या दिवशी फुगे आणायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही, म्हणून नर्सबाया सकाळपासून रबरी हातमोजे फुगवत बसल्या होत्या. मनगटाशी गाठ मारायची, दोरा बांधायचा, छताला टांगायचं. दुपारपर्यंत केसपेपरच्या दालनात शंभरेक पांढरे हात लोंबायला लागले. बोटं खाली. पंखा फिरला की सगळे एकदम हलायचे.

"छान दिसतंय की नाही?" आयाबाईनं कमरेवर हात ठेवून विचारलं.

"वरून कुणीतरी हात पसरून मागतंय असं दिसतंय," शोधबाई म्हणाली.

"मागू देत. आज तुझा दिवस आहे, देऊन टाक काय हवं ते." आयाबाई हसली. शोधबाईला हसू आलं नाही. ती आपल्या खिडकीमागं जाऊन बसली.

तिचं हे नाव इस्पितळानंच पाडलं होतं. मूळची ती नोंदणी खिडकीवरची कारकून. रस्त्यावरून उचलून आणलेली, नाव-गाव न सांगू शकणारी माणसं तिच्या वहीत 'अनोळखी पुरुष', 'अनोळखी स्त्री' अशी उतरायची आणि तशीच मरायची. एक दिवस तिचं डोकं फिरलं. माणूस काय छत्री आहे, कुणीतरी विसरून गेलं आणि कोपऱ्यात पडून राहिली? तिनं वस्तीतला न्हावी, दूधवाला, बसचे ड्रायव्हर, शाळेतल्या बाई, सगळ्यांना हाताशी धरलं. फोटो दुकानादुकानात लागले. तीन वर्षांत एक्केचाळीस माणसं घरी पोचली. कुणी आपल्या पायांनी, कुणी चौघांच्या खांद्यावरून. मोठे डॉक्टर पहिली दोन वर्षं या सगळ्याला 'बाईचे नसते उद्योग' म्हणायचे. वर्तमानपत्रात फोटो छापून आला, त्या दिवसापासून 'आमचा उपक्रम' म्हणायला लागले. अशा माणसांना लाज नसते. लाजेच्या जागी त्यांना खुर्ची मिळालेली असते.

या कामाला नियम एकच, तोही तिनंच घातलेला. अंगावरची खूण फोटोखाली छापायची नाही. जो शोधत येईल त्यानं ती आपल्या तोंडानं सांगायची, आणि तोवर आपण तोंड मिटून बसायचं.

शेवटच्या, एक्केचाळिसाव्याच्या वेळी तिला तोंड मिटता आलं नाही.

तो माणूस आठ महिन्यांपूर्वी आला. पन्नाशीच्या अलीकडं-पलीकडं, दाढी वाढलेली, अर्धं अंग गेलेलं, वाचा बसलेली. अकरा दिवस जगला. त्या अकरा दिवसांत त्यानं एकच गोष्ट केली. चांगल्या हाताच्या बोटानं खाटेच्या लोखंडी दांड्यावर वाजवत राहिला. टक-टक. मग थांबून, टक. शोधबाई काम संपलं की त्याच्यापाशी बसायची. "काय म्हणतोयस रे बाबा?" विचारायची. तो तिच्याकडं बघायचा आणि पुन्हा तेच. बाराव्या दिवशी दांडा गप्प झाला.

शवागारात सात दिवसांची मुदत असते. सातव्या दिवशी दुपारी एक म्हातारी आली. हातात दुकानाच्या भिंतीवरून ओरबाडून आणलेला फोटो. तिचा मुलगा सहा वर्षांपूर्वी भांडून घराबाहेर पडला होता तो परतलाच नव्हता.

"अंगावर काही खूण, आई?"

"खूण होती ना. लहानपणी पडला होता गं. टाके घातले होते." म्हातारी चाचपडली. "डोक्याला... का कपाळाला. सहा वर्षं झाली, डोळ्यासमोर येतं आणि जातं."

मागं रांग कुरकुरत होती. संध्याकाळी मुदत संपणार होती. आणि शोधबाईच्या तोंडून निघून गेलं, "हनुवटीखाली?"

"हो!" म्हातारी किंचाळलीच. "हनुवटीखालीच! बाई, तोच गं, माझाच तो!"

शोधबाई दया येऊन बोलली, की रांगेला वैतागून, की चाळिसाचे एक्केचाळीस व्हावेत म्हणून? आठ महिने तिनं स्वतःला कांद्यासारखं सोलून बघितलं. डोळ्यांत पाणी आलं, आत काही सापडलं नाही. बाकी तपासणी कुणी केली नाही. ओळख पटल्यावर तपासण्या करत बसायला कुणाला सवड असते? सात दिवस गारठ्यात पडलेला, सुजलेला चेहरा म्हातारीनं ओंजळीत धरला आणि 'किती वाळलास रे' म्हणाली. तिनं त्याला अंघोळ घातली, माती दिली, वर मुलाच्या नावाचा दगड बसवला. अख्खी वस्ती रडली.

दुसऱ्या दिवसापासून खिडकीच्या झडपेवर वाजायला लागलं.

जेवणाच्या सुट्टीत ती झडप खाली ओढायची, डबा उघडायची, आणि बाहेरून टक-टक. थांबून, टक. झडप उचलावी तर समोर रिकामे बाक. सुतार तीनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "बाई, लाकडाला काही झालेलं नाही. तुम्हीच कुणाला तरी दाखवून घ्या." मग तिनं उघडणं सोडलं. घास हातात धरून ती झडपेला सांगायची, "लिहिलंय रे तुझं. लिहिलंय." आणि काय लिहिलंय ते आठवून घास डब्यात परत ठेवायची. डबा रोज अर्धा घरी जायचा.

आजही वाजलं. टक-टक. टक.

"आज नको," ती म्हणाली. "आजचा एक दिवस सोड मला."

पुन्हा वाजलं.

"लिहिलंय म्हटलं ना तुझं!"

"काय लिहिलंय?" बाहेरून बाईमाणसाचा आवाज आला. "मी तर आत्ता येतेय."

शोधबाईनं झडप वर केली. समोर पंचविशीतली मुलगी उभी होती. खांद्याला पिशवी, पायांवर प्रवासाची धूळ, हातात चिकटपट्टीसकट सोललेला त्याच माणसाचा फोटो.

"असं का वाजवलंत?" शोधबाईनं नमस्कार-चमत्कार काही न करता विचारलं.

"कसं? अच्छा, ते होय." मुलगी ओशाळली. "घरची सवय आहे, ताई. बाबा असंच वाजवतात. दोनदा, मग एकदा. म्हणजे मी आलोय, उघड."

मुलगी बोलत राहिली. बाबांना विसरायला व्हायला लागलं होतं. एका सकाळी चपला न घालता बाहेर पडले. आठ महिने तिनं पाच शहरं पालथी घातली, आणि काल एका बसच्या काचेवर हा फोटो दिसला. "दाढीमुळं पटकन ओळखू येत नाहीत. पण दाढी बाजूला केलीत तर हनुवटीखाली व्रण असेल. पाच टाके. मी लहान असताना मला कडेवर घेऊन जिन्यात पडले होते. मला काही झालं नाही. इथं आहेत का ते?"

या वेळी शोधबाई तोंड मिटून बसली होती. पण वरात निघून गेल्यावर घोडं सजवून काय उपयोग?

"बसा जरा," ती शेवटी म्हणाली. "चार वाजेपर्यंत बसा. मी सांगते."

भित्रं उत्तर होतं ते. तिला माहीत होतं.

मोठे डॉक्टर आपल्या खोलीत येरझारा घालत भाषण पाठ करत होते.

"सर, एक्केचाळिसावा चुकलाय."

"म्हणजे चाळीसच?"

"म्हणजे एकाचा माणूस दुसऱ्याला दिलाय. त्याची मुलगी बाहेर बाकावर बसलीय."

डॉक्टरांनी कागद ठेवला, दार लावलं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हनुवटीला टाके पडलेली माणसं ढिगानं असतात, बाई."

"आणि ती टकटक?"

"कसली टकटक?"

शोधबाईनं विषय सोडला. वेड्यात निघायची तिची तयारी नव्हती.

"हे बघा, ती म्हातारी सहा वर्षं जळत होती, आता कुठं निवली. तिचं निवलेलं परत पेटवायचा तुम्हाला काय अधिकार? मुलीचा फोन नंबर घेऊन ठेवा, उद्या बघू. आणि तोंड धुऊन या. पाहुणे यायला लागलेत."

त्यातलं पाहुण्यांचं सोडलं तर बाकी खोटं काय होतं? हलकट माणूस खरं बोलतो तेव्हा फार पंचाईत होते. शोधबाईनं जाऊन तोंड धुतलं.

चार वाजता दालन खच्चून भरलं. न्हावी आला होता, दूधवाला, ड्रायव्हर, शाळेतल्या बाई पन्नास मुलं घेऊन आल्या होत्या. वर ते पांढरे हात हलत होते. डॉक्टरांनी 'आमचा उपक्रम' सात वेळा म्हटलं. मग काचेचं सन्मानचिन्ह द्यायला त्यांनी म्हातारीला मंचावर बोलावलं. म्हातारी इस्त्रीच्या कपड्यांत आली, ताठ चालत. सन्मानचिन्ह देताना तिनं शोधबाईचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि कानाशी लागून म्हणाली, "पोरी, तुझ्यामुळं झोप लागते मला."

"दोन शब्द बोला," डॉक्टर म्हणाले.

शोधबाईनं समोर बघितलं. सगळ्यात मागं, खांबापाशी, ती मुलगी उठून उभी राहिली होती. चार वाजले होते ना. सांगते म्हटलं होतं. मुलीच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काही नव्हतं, ती नुसती थांबली होती. आज परत पाठवली तर ही सहावं शहर पालथं घालणार, मग सातवं. आयुष्यभर एकेका दारावर दोनदा आणि एकदा वाजवत फिरणार.

"एक्केचाळिसावा माणूस यांचा मुलगा नव्हता," शोधबाई माईकमध्ये म्हणाली. "खूण यांनी सांगितली नाही, मी सुचवली. माणूस दुसऱ्या घरचा होता. त्याची मुलगी तिथं उभी आहे."

माईक कर्कश ओरडला. मागच्यांना 'मुलगा', 'खूण', 'मुलगी' एवढंच ऐकू गेलं, आणि कुणीतरी टाळ्या वाजवल्या. टाळ्या पुढं सरकत आल्या. शाळेची मुलं तर उभी राहून वाजवायला लागली. "चहा! सगळ्यांनी चहा घ्या!" डॉक्टर हातवारे करत ओरडले.

मंचावर मात्र सगळं ऐकू आलं होतं.

म्हातारी जागची हलली नाही. मुलगी गर्दीतून वाट काढत मंचापर्यंत आली.

"तुझा बाप होता तो?"

मुलीनं होकारार्थी मान हलवली. 'होता' हा शब्द तिनं आत्ता पहिल्यांदा ऐकला होता.

"मी त्याला अंघोळ घातली गं. कोमट पाण्यानं. केस विंचरले." म्हातारीनं ओठ ओले केले. "भांग कुठल्या बाजूला पाडायचा?"

"उजव्या."

"मी डावीकडं पाडला," म्हातारी म्हणाली. "माझा डावीकडं पाडतो."

मुलीनं खाली बसून तोंड ओंजळीत लपवलं. म्हातारीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, क्षणभर, आणि उचलला. मग ती शोधबाईकडं वळली. डोळे एकदम तरणे झालेले, भयानक.

"म्हणजे माझा जिवंत असेल?"

"मला माहीत नाही, आई."

"असेल की नाही?"

"असेलही."

"सहा वर्षं मी दाराची कडी लावली नव्हती. चोर येऊन गेले दोनदा, तरी नाही. रात्री-बेरात्री आला तर उघडं असावं म्हणून. माती दिली त्या दिवसापासून कडी लावून झोपते. आठ महिने. मेल्यासारखी झोपते, ढोल वाजले तरी जाग येत नाही मला. तू दिलेली झोप!" तिनं शोधबाईच्या दंडाला धरून हलवलं. "या आठ महिन्यांत तो येऊन गेला असेल तर?"

म्हातारीनं उत्तराची वाट बघितली नाही. मंचाच्या पायऱ्या उतरताना तिची एक चप्पल निघाली, ती तिथंच राहिली. चहाचे कप सावरणाऱ्या, तिचं अभिनंदन करायला पुढं येणाऱ्या माणसांना दोन्ही हातांनी बाजूला ढकलत म्हातारी घराकडं धावत सुटली.