गाडी पास झाली

“ब्रेक!” दुकानातल्या माणसानं गाडीमागून हाक दिली आणि डॉक्टर राजीवनी तोंडी परीक्षेला बसल्यासारख्या तत्परतेनं पाय दाबला.

डावा इंडिकेटर, उजवा, रिव्हर्स. सगळे दिवे लागले. गाड्यांच्या सुट्या भागांच्या या दुकानात दिवे, बॅटरी, वायपर फुकट तपासून देत. वरदानं वडिलांना मुद्दाम इथं आणलं होतं. गाडी विका म्हणून तिनं वर्षभर डोकं खाल्लं होतं, आज सकाळी मात्र म्हणाली, “चेकमध्ये गाडी पास झाली, तर आपण भांडणार नाही. ओके?” म्हातारा हरखून गेला.

पत्नीला, मंजिरीला, कार्डिफबाहेरच्या नर्सिंग होममध्ये ठेवल्यापासून ते रोज दुपारी तिकडं जात. तिथवर बस नव्हती. गाडी गेली की मंजिरीही गेली, इतका तो हिशेब सरळ होता.

काउंटरपाशी उभी असलेली एक वेल्श बाई जवळ आली. रांगेतली असावी, असं त्यांना वाटलं. तिनं टायरकडे नुसतं पाहिलं, आणि डॉक्टर सुरू झाले. सर्व्हिसिंग कधी चुकवलं नाही, सीटवर कुणाला खाऊ दिलं नाही. उपवर मुलीचं कौतुक सांगावं तसं ते सांगत सुटले.

“बॅटरी उत्तम आहे,” दुकानातला माणूस म्हणाला.

“ऐकलंस? आता बोल!” डॉक्टर लेकीकडे वळले.

वरदा त्या बाईकडे बघत होती. “सो, यू आर हॅपी?”

“व्हेरी,” बाई म्हणाली. सोमवारी गाडी न्यायला येते, असंही म्हणाली.



“वरदा, तू मला न विचारता...”

“बाबा, प्लीज. आई ओळखते का तुम्हाला? नो. मग कुणासाठी जाता रोज?” बाईला संशय येऊ नये म्हणून ती हे हसतमुखानं बोलली.

बाई काही खुळी नव्हती. तिनं थेट डॉक्टरांनाच विचारलं, तुमची मर्जी आहे ना? नसेल तर मी आत्ता परत जाते.

एक ‘नाही’ पुरेसं होतं. वरदाचं हसू मावळलं. पण चारचौघांत लेकीला तोंडघशी पाडणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

“ऑफ कोर्स,” ते म्हणाले. “मीच तिला सांगितलं, विकून टाक.” मग जरा घुटमळून, “फक्त सोमवारी संध्याकाळी आलात तर बरं. दुपारी मला काम असतं.”

“त्यांना काही काम नसतं,” वरदा इंग्रजीत हसत म्हणाली. “सकाळीच या.”