चटईखालचा पोलीस

मी एक जुनी चटई आहे, पण पाय पुसायची नव्हे हं! सामोआ बेटावर फुआतिनोच्या आईने केतकीच्या पानांचे केसासारखे बारीक धागे काढून मला तीन वर्षे विणले. लग्नात मला मिरवत तेव्हा लोक "रेशीमच जणू!" म्हणत, आणि मी फुगून जाई.

पुढे फुआतिनो मला घेऊन न्यूझीलंडला आली आणि ऑकलंडच्या कारखान्यात राबू लागली. एका पहाटे पोलीस दार फोडून शिरले. देशात राहायचे मुदत संपलेले परवाने शोधत होते, तेही फक्त आम्हा बेटकऱ्यांच्याच घरांत. तिच्या धाकट्या भावावर, तवितावर, त्यांनी कुत्रा सोडला आणि त्याला चड्डीवरच फरफटत नेले. झडतीत पेटीतून जमिनीवर फेकलेल्या माझ्यावरूनच, मित्रांनो! त्याचा परवाना उशीखाली होता. कुणी पाहिलाच नाही. तीन दिवसांनी सुटला, पण पुन्हा कधी बोलला नाही. मुकाच वारला.

आणि फुआतिनो? पंचेचाळीस वर्षे ती रोज पहाटे दाराशी खुर्ची टाकून बसे. डोळा लागला की किंचाळून उठे. नातवंडे म्हणत, "आजी, पोलिसात भरती हो, राखणीचा पगार तरी मिळेल!"

आज सकाळी त्या पोलिसांपैकी एक, म्हातारा गॉर्डन, माफी मागायला आला. आमची रीत अशी, की अपराध्याने चटई पांघरून अंगणात बसायचे. घरच्यांनी ती उचलली की माफी. त्याच्याकडे कुठली चटई? घरचा प्रमुख, म्हणजे फुआतिनोचा दीर सेमिसी, याने तिला न विचारता पेटीतून मलाच काढले. ज्याच्या बुटांनी मला तुडवले, त्याच्याच टकलावर मी!

पाच मिनिटांत सेमिसीने मला उचललेसुद्धा. "झालं, माफ केलं! चला, जेवणाचं भाजलेलं डुक्कर गार होतंय."

फुआतिनो बाहेर आली. मला हिसकावून तिने पुन्हा गॉर्डनवर टाकले.

"वहिनी, लोक काय म्हणतील?"

"भावजी, कुत्रा तुमच्या भावावर सोडला होता? नाही ना? मग जेवा जा." मग ती गॉर्डनकडे वळली. "बोल रे. काय केलंस?"

"वरून हुकूम होता, बाई..."

"हुकूम गेला चुलीत. कुत्र्याचं नाव सांग."

माझ्याखालून त्याचा आवाज आला. "प्रिन्स. पट्टा मीच सोडला. पोरगा हात जोडत होता. आम्ही... हसलो."

"अस्सं. बस तसाच." ती आत गेली.

ऊन चढले. त्याचा घाम माझ्या धाग्यांत मुरला, आणि खरे सांगू? मला बरे वाटले! तेवढ्यात खिडकीतून आवाज आला. फुआतिनो घोरत होती! भर दुपारी, दार सताड उघडे टाकून! सेमिसी तिला उठवायला निघाला, तशी तीच नातवंडे उंबऱ्यावर आडवी झाली. "आजोबा, पाऊल टाकून तर बघा!"

मित्रांनो, आम्हा जुन्या चटयांना कसर लागू देऊ नका, हे तर सांगतेच. पण दुसऱ्याच्या जखमेवर आपण परस्पर माफी देऊन मोकळे होऊ नका. तिची झोप पुरी होऊ द्या. गॉर्डनला घाई असेल. मला मुळीच नाही.