समिधाचं नाव

हाटकेश भागातल्या गाळ्यात आशा करायची तो मसाला जवळच्या केबिन रोडच्या बाजारात हातोहात खपायचा. पाकिटावर नाव होतं 'समिधा'. तापाने गेलेल्या पोरीचं नाव रोज कुणाच्या तरी तोंडी राहावं, एवढीच त्या माउलीची हाव.

हे नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवून टाका, असं वकीलबाई रुचिताने तेव्हाच बजावलं होतं. पण आशाचा नवरा राघो पडला पक्का रत्नागिरीचा. गावदेवीला कौल लावल्याशिवाय हा माणूस नवा मिक्सरसुद्धा आणायचा नाही. "पोरीचं नाव सरकारदरबारी चढवायचं, नि देवीला विचारायला नको?" असं म्हणत तो शिमग्यापर्यंत थांबला. शिमग्यात कौल डावा पडला, म्हणजे देवीचा नकार. मग पुढच्या शिमग्यापर्यंत थांबले. देवीपुढे बोलणार कोण?

त्यांचा माल विकणारा गुणवंतशेट मात्र कुणाला विचारत बसला नाही. त्याने 'समिधा' स्वतःच्या नावावर करून घेतली आणि वर यांनाच नोटीस धाडली, हे नाव वापरायचं नाही.

"आधीपासून तुम्हीच वापरताय, हे सिद्ध करायला बिलं लागतील, काकू," रुचिता म्हणाली. बिलं कुठली? सगळा व्यवहार तोंडी. "मग केस लढता येईल, पण वर्षानुवर्षं चालेल."

"दुसरं नाव ठेवू या," राघो पुटपुटला. आशाने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो उठून बाहेरच गेला.

गुणवंतच्या दुकानात नवी 'समिधा' आली. आशाने पाकीट फोडून चिमूटभर मसाला जिभेवर ठेवला. नुसता कोंडा आणि रंग! शेजारी उभी असलेली गिऱ्हाईक बाई नाक मुरडून म्हणाली, "भैया, समिधा मत देना. एकदम बेकार हो गयी है."

आशा तशीच गल्ल्यावरच्या गुणवंतकडे गेली.

"शेट, मसाला मी करून देते," ती म्हणाली. "तुमच्याकडे रोजावर येते. पण यात कोंडा नको."

"या की वहिनी, उद्यापासूनच या," गुणवंत हसला. "पण कोंडा किती टाकायचा ते मी सांगणार. नाव माझं आहे ना आता."

आशाने होकाराची मान हलवली. पोरीला त्याच्या हाती एकटी सोडून घरी जाणं तिला जमलं नाही.