लोकर या

मंडळी, तुमच्याही फोनवर इमारतीचा एखादा ग्रुप असेलच. नसेल तर तुम्ही भाग्यवान, आणि असेल तर ही गोष्ट तुमचीच आहे. सकाळी त्यावर फुलांची चित्रं येतात, दुपारी पाणी कधी सुटणार याची चौकशी होते, आणि संध्याकाळी कुणीतरी एक साधंसुधं वाक्य लिहितं आणि मग जी काही जुंपते, ती जेवणाची ताटं गार होईपर्यंत.

त्या दिवशी ते वाक्य टेलरवहिनींनी लिहिलं. टेलरवहिनी सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायच्या. घरातच शिलाई मशीन टाकून अख्ख्या इमारतीचं फाटलं-उसवलं सांभाळायच्या. गळ्यात कायम मापाची टेप, आणि बोलणं मोजकं. त्यांनी लिहिलं, "तिसऱ्या मजल्यावरचा जिन्याचा कठडा हालतोय. मुलं त्यालाच धरून उतरतात. कुणीतरी बघा."

आता यात न कळण्यासारखं काय आहे? पण त्यांच्याच खालच्या मजल्यावर कानामात्राकाका राहत होते. काकांचा सगळा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी हातातली लाल पेन्सिल काही सुटली नव्हती. लग्नाची पत्रिका आली तरी आधी चुका काढणार, मग नवरानवरीची नावं वाचणार. काकांनी लगेच उत्तर धाडलं, "हालतोय नव्हे, हलतोय. हाल माणसांचे होतात."

तळमजल्यावरच्या वकीलसाहेबांना हे कुठलं सहन व्हायला! त्यांनी विचारलं, मग हालचाल हा शब्द कसा आला? तिला काय हलचल म्हणायचं? काकांनी शब्दकोशाच्या पानाचा फोटो टाकला. वकीलसाहेबांनी त्याहून जाड शब्दकोशाचा फोटो टाकला. मग वकीलसाहेबांनी मुद्द्याला नवीन फाटा फोडला. तिसरा मजला म्हणजे नेमका कोणता? तळमजला सोडून मोजायचं की धरून? सोडून मोजलं तर वहिनींचा, धरून मोजलं तर काकांचा. यावर सगळी इमारत दोन तट पडून भांडली. एकाने तर परदेशात मजले कसे मोजतात तेही सांगितलं. ग्रुपवर शंभर शब्द पडत होते, पण चार पायऱ्या चढून कठड्याला हात लावायला कुणी गेलं नाही.

सेक्रेटरी बिचारा कामाचा माणूस. त्याने दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाता जाता वेल्डरला फोन करून तिसऱ्या मजल्यावरचा कठडा बघायला सांगितलं. वेल्डरने आपल्या हिशेबाने तळापासून एक, दोन, तीन असे मजले मोजले, काकांच्या दारातला कठडा गदागदा हलवला, आणि तो जागचा ढिम्म हलेना म्हणून निघून गेला. सेक्रेटरीने ग्रुपवर लिहिलं, "वेल्डर येऊन गेला. कठडा मजबूत आहे." वकीलसाहेबांनी त्याखाली ताशेरा ओढला, की सदस्यांनी खात्री केल्याशिवाय अफवा पसरवू नयेत. काकांनी त्यावर शाबासकीचा अंगठा टाकला, आणि 'आणि शुद्धलेखनही तपासावे' अशी पुस्ती जोडली.

त्यानंतर टेलरवहिनींनी ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही.

हे सगळ्यांच्या नजरेतून सुटलं, पण सिस्टरच्या नाही. सिस्टर म्हणजे काकांची बायको. मोठ्या हॉस्पिटलात नर्स म्हणून हयात घालवलेली, त्यामुळे इमारतीतली पोरंसोरंसुद्धा तिला सिस्टरच म्हणायची. दुसऱ्या दिवशी दुपारी बाजाराला निघताना ती दारात थांबली आणि काकांना म्हणाली, "अहो, तो वेल्डर काल आपल्या दारातला कठडा हलवून गेला. मी डोळ्यांनी पाहिलं. वहिनी राहते वर."

काका म्हणाले, मग तिने मजला नीट लिहायला नको होता का?

"तिने नीटच लिहिला होता. तुम्ही तो नीट राहू दिला नाहीत." सिस्टर चप्पल घालता घालता बोलत होती, पण आवाजात धार होती. "वॉर्डात घंटी वाजली की आम्ही धावायचो. पेशंट म्हणायचा छातीत कालवतंय, कुणी म्हणायचं जळतंय. त्याला नेमकं काय होतंय ते मीही विचारायचे. खोदून खोदून विचारायचे. पण नाडीवर हात ठेवून विचारायचे. तुम्ही लोक नाडीला हातच लावत नाही, नुसतं व्याकरण तपासता."

काकांनी शब्दाची शुद्धता, भाषेची शिस्त असं काहीसं सुरू केलं. सिस्टरने पिशवी उचलली. "हलतोय की हालतोय ते एकदा वर जाऊन, हात लावून बघा. शब्दकोशात कठडा सापडायचा नाही." एवढं बोलून ती निघून गेली, आणि नेहमीप्रमाणे फोन टेबलावरच विसरली.

काकांना राग आला. राग आला म्हणूनच ते उठले. आज सोक्षमोक्ष लावायचाच, कठडा मजबूत आहे हे सिद्ध करायचं आणि बायको परत आली की तोंडावर सांगायचं, अशा ऐटीत ते मजला चढून वर गेले. वहिनींचं दार लोटलेलं होतं, आत मशीन खडखडत होतं. शेजारच्या रिकाम्या जागेत पाया खणायचं यंत्र नुसतं धडधडत होतं. काकांनी कठड्याचा वरचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि वेल्डरसारखाच गदागदा हलवला.

कठडा हातात आला!

म्हणजे अगदी खरोखर हातात आला. खालचे दोन गज पायरीतून उपटून निघाले आणि अख्खी लोखंडी जाळी जिन्याच्या मधल्या पोकळीवर तिरकी लोंबायला लागली. दुसऱ्या टोकाला ती जेमतेम अडकलेली होती. काका पायरीवर बसले, दोन्ही पाय भिंतीला लावले आणि दांडा ओढून धरला. सोडला तर तो सरळ तीन मजले खाली, तळाच्या चौकात पडणार. आणि शाळेची बस यायची वेळ झालेली. बस आली की पोरं दप्तरं नाचवत त्याच चौकातून वर पळत सुटायची, हे काका रोज दुपारच्या झोपेतून दचकून ऐकायचे.

काकांनी हाका मारल्या. त्या यंत्राच्या धडधडाटात त्यांच्याच कानाला ऐकू येईनात. दांड्याखाली एक दंड अडकवून दुसऱ्या हाताने त्यांनी कसाबसा खिशातून फोन काढला आणि बायकोला लावला. खालच्या मजल्यावर, त्यांच्याच घरात, टेबलावर तो वाजला असणार. सेक्रेटरी मीटिंगमध्ये होता, त्याने फोन कापला. आणि ज्या दारासमोर ते बसले होते, त्या दारातल्या बाईचा नंबर त्यांच्याकडे नव्हता. आजवर त्याची कधी गरजच पडली नव्हती. तिच्या चुका तेवढ्या त्यांना पाठ होत्या.

मग उरला ग्रुप. घामेजलेल्या अंगठ्याने काकांनी लिहिलं, "कठडा सुटलाय. धरून बसलोय. लोकर या."

लौकर लिहायचं होतं. एक मात्रा राहिली. आयुष्यात पहिल्यांदा!

आणि मंडळी, काय सांगू, ग्रुपवर आनंदीआनंद झाला. हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. एकाने लिहिलं, कानामात्राकाकांची मात्रा पडली, कुणीतरी शोधून द्या. दुसऱ्याने विचारलं, काका, लोकर कशाला, थंडी वाजतेय का? वकीलसाहेब तर या दिवसाची वाटच बघत असावेत. त्यांनी लिहिलं, "मेंढी कुठे आहे? आणि कठडा तर मजबूत असल्याचं कालच सिद्ध झालंय. शिवाय बसला आहात की उभे आहात? आणि मजला कोणता, तळमजला धरून की सोडून?"

काका ते वाचत होते. हातातला दांडा घसरत होता. त्यांना वाटलं, अरे, हे सगळे माझीच भाषा बोलतायत! शब्द न् शब्द माझा आहे. खाली बसचा हॉर्न वाजला, आणि काकांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

तेवढ्यात मशीनची खडखड थांबली. दार उघडलं. टेलरवहिनी बाहेर आल्या, गळ्यात टेप, हातात फोन. त्यांनी एक शब्द विचारला नाही. आत गेल्या, पिशव्यांचे बंद शिवायची जाड पट्टी गुंडाळीसकट घेऊन आल्या, दांड्याला दोन वेढे घातले, पट्टी खिडकीच्या गजांतून ओवून घेतली आणि पाय रेटून अशी गाठ मारली की दांडा जागेवर थबकला. "काका, अजून सोडू नका," एवढंच म्हणाल्या आणि धाडधाड जिना उतरून खाली गेल्या. खाली सिस्टर भाजीची पिशवी घेऊन नुकतीच पोचली होती. दोघींनी मिळून सगळी पोरं फाटकाशीच अडवून धरली.

वहिनी परत वर आल्या तेव्हा काका तसेच बसलेले. दोघांनी मिळून जाळी इंच इंच आत ओढली आणि भिंतीशी आडवी टेकवली. काकांचे दोन्ही तळवे गंजाने लाल झाले होते. लाल पेन्सिलीने नाही, गंजाने.

काकांनी ते एकमेकांवर चोळले. मग म्हणाले, "वहिनी, तुमचं बरोबर होतं."

"हालतोय बरोबर आहे?" वहिनींनी विचारलं. त्यांच्या ओठांच्या कडेला हसू होतं, पण डोळ्यांत दोन दिवसांचं दुखणंही होतं. "मी तर तुमचं वाचल्यापासून ग्रुपवर लिहायलाच घाबरते, काका. मनात आलं होतं परत सांगावं, वेल्डरने चुकीचा कठडा बघितला म्हणून. पण म्हटलं, आपलं परत काहीतरी चुकायचं आणि लोक हसायचे."

हे ऐकून काकांना जे लागलं, ते दांड्यानेही लागलं नव्हतं. म्हणाले, "शब्द कसाही असू दे. कठडा हालत होता. मी वर येऊन बघायला हवं होतं. मला माफ करा."

तोवर हळूहळू सगळे जमले होते. वकीलसाहेब धापा टाकत वर आले, उपटलेले गज त्यांनी पाहिले, वाकून खालचा चौक पाहिला. त्यांची स्वतःची नात त्याच बसने यायची. मघाशी लिहिलेला मेंढीचा विनोद त्यांनी तिथल्या तिथे पुसून टाकला. सेक्रेटरीने संध्याकाळी वेल्डरला स्वतःबरोबर वर आणलं, बोट लावून कठडा दाखवला, आणि तो पक्का होईपर्यंत तिथेच उभा राहिला.

सिस्टरने काकांच्या तळव्यांना मलम लावलं. काकांना वाटलं आता चांगली खरडपट्टी निघणार. पण ती एवढंच म्हणाली, "लागली ना हाताला नाडी?" काका मान खाली घालून हसले.

मग त्यांनी ग्रुपवर लिहिलं. आपली चूक त्यांना एका बोटाने दुरुस्त करता आली असती, पण त्यांनी ती तशीच ठेवली. त्यांनी लिहिलं, "माझी एक मात्रा पडली तर तुम्ही सगळे हसलात. तुमची पडली तेव्हा मी तेच केलं, म्हणून तक्रार नाही. मजला कोणता हे विचारणं चूक नव्हतं. ते जिंकण्यासाठी विचारलं, मदतीसाठी नाही, ही चूक. यापुढे मी आधी जिना चढेन, मग व्याकरण बघेन."

तेव्हापासून त्या इमारतीत एक नवा शब्द रुजला. कुणावर प्रसंग आला की तो फक्त लिहितो, लोकर या, आणि खाली मजल्याचं नाव. त्यावर कुणी प्रश्न विचारत नाही, कुणी हसतही नाही. परवाच वकीलसाहेबांच्या स्वयंपाकघरातला नळ तुटून घरभर पाणी झालं. त्यांनी घाईघाईत लिहिलं, "नळ तूटला. लोकर या. तळमजला." तूटला! ऱ्हस्वाचा दीर्घ! काकांची बोटं क्षणभर शिवशिवली, खोटं कशाला बोला. पण दुसऱ्याच क्षणी ते बादली घेऊन जिन्यात होते, आणि त्यांच्या पुढे टेलरवहिनी.

तेव्हा मंडळी, चूक जरूर दाखवा, खरंखोटं जरूर तपासा, त्यावाचून चालायचं नाही. पण समोरचा माणूस काय सांगतोय ते आधी ऐका, आणि ऐकताना त्याच्या नाडीवर एक हात असू द्या. चुकीच्या शब्दात मारलेली हाकसुद्धा हाकच असते. पाणी उपसून झाल्यावर, सगळे ओले कपडे पिळत चहा पीत बसलेले असताना, काकांनी वकीलसाहेबांच्या कानात हळूच सांगितलं की तुटला ऱ्हस्व असतो.