लाल्याला कळत नाही

श्रुतिकाने फासा मुठीत घट्ट धरला आणि आवाज खाली आणला.

"धबधबा एवढा मोठा आहे की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. रणधीर मशाल घेऊन घळीत शिरलाय, पाठमोरा. लाल्या बाहेर आहे. त्याला वास आला. कड्यावरून एक मोठं जनावर रणधीरच्या मागे उतरतंय. सर, लाल्या काय करतो?"

लाल्या म्हणजे सयाजी सर. दर रविवारी दुपारी महाडात, श्रुतिकाच्या वडिलांच्या टायरच्या दुकानावरच्या खोलीत हा खेळ चाले. श्रुतिका गोष्ट सांगे, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होत, आणि जिथे अडे तिथे फासा टाकून ठरे. रेश्मा मंत्र जाणणारी म्हातारी होती. विनीत औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत शिफ्टला होता. इथे तो रणधीर होता. रणधीरला सुपरवायझर नव्हता. गेली दोन वर्षं विनीतने त्याला जपून वाढवलं होतं.

सर पोलादपूरच्या कॉलेजातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेले. वर्गात त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. तरी सगळे सर म्हणत, आणि आपण कुणाचं तरी नाव लावून बसलोय असं त्यांना दरवेळी वाटे. पहिल्या रविवारी त्यांच्या तोंडून शूर माणसाचं एक वाक्य निघेना, तेव्हा श्रुतिकानेच सुचवलं होतं, "तुम्ही रणधीरचा कुत्रा व्हा, सर. बोलावं लागणार नाही."

"लाल्या भुंकेल," सर आता म्हणाले. "म्हणजे, बहुधा."

"मग भुंका की, सर," विनीत पुढे सरकला. "पण मोठ्यानं. धबधब्यावरनं आत ऐकायला आलं पायजे."

या टेबलावर रीतच तशी होती. जो आवाज काढायचा तो खरा काढायचा. रेश्माचा मंत्र मागच्या खेपेला खाली दुकानात ऐकू गेला होता आणि श्रुतिकाचे वडील वर बघायला आले होते.

सरांनी तोंड उघडलं. खिडकी उघडी होती. खाली हवा भरायचा पंप थांबला आणि बोलणं स्पष्ट वर आलं. त्यातला एक आवाज महादूचा होता, कॉलेजातल्या जुन्या शिपायाचा. सर वाचनालयात आले की तो अजूनही स्टुलावरून उठून उभा राहायचा.

सरांनी तोंड मिटलं. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला.

"पण मला वाटतं," ते म्हणाले, "त्याला कळणार नाही."

"काय कळणार नाही?"

"पुस्तकात जनावराच्या बुद्धीला दोनच गुण आहेत. वास येईल, भीती वाटेल. पण धोका आपल्याला नाही, रणधीरला आहे, आणि त्याला ते सांगायला हवं, हे कळणं म्हणजे ते माणसाचं झालं."

नियमांच्या जाड इंग्रजी पुस्तकातला जनावरांचा भाग सरांनीच मराठीत उतरवून दिला होता. त्यावर कोण बोलणार? रेश्मा तेवढी बोलली.

"आमच्या शिवथरला बिबट्या आला का कुत्री सगळा गाव उठवतात, सर. त्यांना नाय कळत?"

"ती स्वतःच्या जिवासाठी भुंकतात. गाव उठतो तो आपला आपण. लाल्यावर तर काहीच चालून आलेलं नाही."

"हे पटलं," श्रुतिका म्हणाली. विनीतनेही मान हलवली. सरांना ते किती सोपं गेलं याचं आश्चर्य वाटलं.

मग श्रुतिकाने त्या जनावरासाठी फासा टाकला. विनीतने रणधीरसाठी टाकला. विनीतचा फासा टेबलाच्या कडेपर्यंत गेला आणि एकावर, सगळ्यात कमी आकड्यावर, थांबला.

"गेला रणधीर," विनीतच म्हणाला. हसला. "असू दे. नियम तो नियम. आमचा सेफ्टीवाला पण असाच बोलतो, आणि मंग चहा पाजतो. चहा सांगा, सर."

"सांगतो," सर म्हणाले, आणि जागचे हलले नाहीत.

विनीतने रणधीरचा कागद समोर ओढला. नावावर पेन्सिल टेकवली, पण रेघ मारली नाही.

"सर, लाल्या आत आला असंल ना आता?"

"आला असेल."

"त्याला कळतंय का, मी गेलो ते?"

टोमणा नव्हता त्यात. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मघाच्या नियमाने उत्तर तयारच होतं. श्रुतिका सरांकडे बघत होती, आणि सर विनीतच्या न हलणाऱ्या पेन्सिलीकडे.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. हनुवटी वर केली. आधी नुसता खोकला आला. मग आवाज निघाला. बारीक, फाटका, मध्येच तुटून पुन्हा वर चढणारा. सरांनी डोळे मिटले होते. मान ताणली होती. गळ्याच्या शिरा दिसत होत्या.

खाली पंप पुन्हा थांबला.

"वर कुत्रा आणलास काय गो, श्रुतिका?" महादूने खालून विचारलं.

कुणी हसलं नाही. सरांनी ते ऐकलं, आणि श्वास घेऊन पुन्हा सुरुवात केली.

"म्हंजे कळत होतं त्याला," रेश्मा हळूच म्हणाली.

आवाज तिथेच थांबला. सरांनी डोळे उघडले आणि मान खाली घातली. दोन्ही हात मांडीवर घेतले. सदऱ्याचं टोक चुरगळलेलं होतं, ते सरळ करत राहिले. श्रुतिकाने फासा उचलला आणि परत ठेवला.

विनीत त्यांच्याकडे बघत राहिला. मघाचं सगळं तो मनात पुन्हा एकदा लावून बघत असावा. धबधबा, कड्यावरून उतरणारं जनावर, उघडून मिटलेलं तोंड. मग त्याने टेबलावरून हात लांब केला. सरांच्या डोक्यापर्यंत नेला, तिथे अडखळला, आणि खाली आणून त्यांच्या मनगटावर ठेवला.

"गप," तो म्हणाला. "गप रे, लाल्या. मी हाय हितं."