गेझाने

"हा मेला इथे काय करतोय?" एटेल्कामावशींनी संदर्भसूचीच्या कागदावर चष्म्याची दांडी टेकवली.

विभागातली तरुण संशोधक रेका पोगाचा, म्हणजे खारं बिस्किट, खात होती; तिने घास कसाबसा गिळला. "कोण, मावशी?"

"गेझा. माझा माजी नवरा. खारट माळावरच्या गवताबद्दल हा कधीपासून लिहायला लागला? चिखलात पाय माझे असायचे. हा गाडीत बसून डुलक्या काढायचा."

हंगेरीतल्या देब्रेत्सेनच्या वनस्पतिशास्त्र विभागात एटेल्का बोद्रोगींची हयात गेली. त्या हयातीच्या जमेला स्वतःचा म्हणावा असा एकच निबंध. तोही लग्न टिकून होतं तेव्हाचा, म्हणून त्यावर छापलं गेलं: 'लांतोश गेझाने'. मराठी माणूस वाचेल, गेझाने लिहिला. तिथल्या भाषेत 'ने' म्हणजे बायको. लांतोश गेझाची बायको, एवढंच. कसंही वाचा, बाईचं नाव बुडीत खात्यात.

घटस्फोटानंतर मावशींनी कचेरीत जाऊन ते 'ने' काढून टाकलं, माहेरचं नाव लावलं. निबंधावरचं कोण काढणार?

ते आता संगणकाने काढलं होतं. सूची लावून देणाऱ्या प्रणालीला 'ने' कळलं नाही. तिने निबंध उचलला आणि सरळ गेझाच्या नावावर जमा केला. आणि रेकाचा लेख परदेशी नियतकालिकाकडे आजच जायला हवा होता.

"तुमचंच नाव घातलं होतं हो मी आधी," रेका काकुळतीला आली. "संपादकांनी परत पाठवलं. म्हणे, बोद्रोगी नावाच्या कुणाचा असा निबंधच सापडत नाही. छापलंय तसंच नाव हवं."

"मग काढून टाक तो."

"कसा काढू? माझा अर्धा लेख त्याच्यावर उभा आहे."

"म्हणजे निबंध हवा, बाई नको. माझ्या सासूची नात शोभतेस, तिलाही काम हवं असायचं, सून नको!"

"मावशी, टोमणे नंतर मारा. काय करू ते सांगा."

मावशींनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "ने घाल."

"काय?"

"लांतोश गेझाने. पुरतं घाल."

"पण तुम्ही तर ते..."

"टाकलं होतं, ठाऊक आहे मला. पण त्याच्यावाचून तिथे बाई होती हे कळायचं कसं? घाल."

रेकाने सगळं नाव आडनावाच्या रकान्यात कोंबलं. पडदा लाल झाला: पहिलं नाव आवश्यक.

"एटेल्काचा 'ए' घालू?"

"पुन्हा परत यायला?"

रेकाने पहिल्या नावाच्या रकान्यात नुसतं एक टिंब दिलं. प्रणालीला ते चाललं. लेख गेला.

नवी सूची छापून आली. गेझाच्या नावाची ओळ गेली होती, तिच्या जागी होतं: लांतोश गेझाने, आणि पुढे टिंब.

मावशींनी कागद उजेडात धरला. कागदावर बारीक कचरा पडलेला असावा तसं ते टिंब त्यांनी नखाने खरवडून पाहिलं.

निघालं नाही.